फॉरमॅट मारण्याआधी: डेस्कटॉप लिनक्सची नेहमीची दुखणी आणि ती शोधायची रीत

एका रात्री माझा लॅपटॉप पासवर्ड घ्यायचा, स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा लॉगिनचाच चौकोन समोर. पासवर्ड बरोबर होता, कारण मुद्दाम चुकीचा टाकला की तो तसं सांगत होता. सहा-सात वेळा हेच झालं. इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह टेबलावरच पडला होता, तासाभरात नवी सिस्टिम टाकून मोकळं व्हावं असं वाटून तो लावलाही. मग म्हटलं, एकदा आत तर डोकावू. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवरच्या साध्या लॉगिनमध्ये शिरलो, 'डीएफ -एच' मारलं आणि उत्तर समोर आलं: मुख्य पार्टिशन, म्हणजे डिस्कचा सिस्टिम बसलेला भाग, १०० टक्के भरलेलं. होम फोल्डरमधली '.एक्ससेशन-एरर्स' नावाची लपलेली फाइल ६० जीबीच्या वर गेली होती. पॅनेलवरचं एक बिघडलेलं ॲप्लेट (पट्टीवर बसणारा छोटा प्रोग्रॅम) तीच एक ओळ सेकंदाला शेकडो वेळा तिच्यात लिहीत बसलं होतं. डेस्कटॉपला सुरू होताना चार बारीकसारीक फाइली लिहाव्या लागतात. त्यांना जागा नव्हती, म्हणून तो मुकाट्याने लॉगिनवर परत यायचा. फाइल रिकामी केली, ॲप्लेट काढलं, दहा मिनिटांत काम झालं.

त्या रात्री फॉरमॅट मारला असता तर काय झालं असतं? तेच ॲप्लेट हौसेने पुन्हा टाकलं असतं आणि महिन्याभरात पुन्हा तिथेच आलो असतो. लिनक्सचं एक बरं आहे, ते सहसा काही लपवत नाही. काय दुखतंय ते कुठेतरी लिहून ठेवतं. कुठे बघायचं एवढंच माहीत हवं, आणि या लेखात मी तेवढंच सांगणार आहे.

कमांड मी फोनवर सांगाव्यात तशा लिहिल्या आहेत. 'डीएफ' म्हटलं की डी आणि एफ ही दोन छोटी अक्षरं, आकडेही टाइप करताना साधे इंग्रजी. मोठं अक्षर हवं असेल तिथे तसं म्हटलं आहे. जिथे सिस्टिमच्या फाइलींना हात लावायचा, तिथे आधी 'सुडो' (कमांड रूट म्हणजे प्रशासक यूजरच्या अधिकाराने चालवणारा शब्द) लावायचं हे गृहीत धरा.

आधी संशयितांची यादी छोटी करा

कुठल्याही दुखण्यात मी पहिली पाच मिनिटं काहीही दुरुस्त करत नाही. चार प्रश्न विचारतो.

काल चाललं आणि आज नाही, तर मधे काय बदललं? आठवणीवर विसंबू नका. उबंटू, मिंट, डेबियन असेल तर '/व्हार/लॉग/एपीटी' या फोल्डरातल्या 'हिस्टरी.लॉग'मध्ये कुठलं पॅकेज कधी आलं, कधी गेलं ते तारखेनिशी असतं. फेडोरावर 'डीएनएफ हिस्टरी' म्हटलं की यादी येते. "मी काहीच केलं नाही" असं ज्या ज्या वेळी मी स्वतःला सांगितलं, त्यातल्या निम्म्या वेळी आदल्या रात्रीचा अपडेट तिथे बसलेला सापडला.

दुसऱ्या यूजरलाही हेच होतं का? सेटिंग्जमधून एक नवा, कोरा यूजर बनवा आणि त्याने लॉगिन करा. तिथे सगळं ठीक असेल तर सिस्टिम निर्दोष आहे, घोळ तुमच्या होम फोल्डरातल्या सेटिंगमध्ये आहे. मग '.कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरात त्या प्रोग्रॅमचं जे फोल्डर असेल त्याचं नाव बदलून बघायचं. उडवायचं नाही, नाव बदलायचं. ही युक्ती इतकी सोपी आहे की लोक तिच्याकडे बघतच नाहीत, आणि तीच सर्वांत जास्त वेळ वाचवते.

जुन्या कर्नलवरही होतं का? कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, आणि ग्रब म्हणजे मशीन चालू होताना कुठली सिस्टिम उघडायची ते ठरवणारा प्रोग्रॅम. ग्रबच्या मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'खाली आधीचे एक-दोन कर्नल असतात. त्यातला एक निवडून मशीन नीट चाललं तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्यासाठी न बनलेल्या ड्रायव्हरचा.

आणि लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (ज्याच्यावरून सिस्टिम इन्स्टॉल न करताच चालते) बूट केल्यावरही होतं का? वाय-फाय तिथेही तुटत असेल तर तुमच्या इन्स्टॉलेशनला दोष देऊन उपयोग नाही. हार्डवेअर, फर्मवेअर (हार्डवेअरचं स्वतःचं आतलं सॉफ्टवेअर) किंवा राउटरकडे बघायचं.

त्यानंतर दुरुस्ती. एका वेळी एकच बदल, आणि जी फाइल बदलणार तिची आधी एक प्रत. कुठूनतरी उचललेल्या पाच कमांड एकापाठोपाठ एक चिकटवल्या की मूळ दुखणं कुठलं आणि आपण केलेलं कुठलं हेच कळेनासं होतं. त्यातल्या एकीत सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणारा ७७७ हा आकडा दिसला तर ती पानासकट सोडून द्या. सिस्टिमच्या फोल्डरांवर तो चालवला की सुडो, एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरायचा प्रोग्रॅम) अशा गोष्टी काम करायचं नाकारतात, आणि मूळ परवानग्या एकेक आठवून परत लावणं जवळजवळ अशक्य असतं.

लॉग कसा वाचायचा

आजच्या बहुतेक डिस्ट्रोंमध्ये, म्हणजे उबंटू-फेडोरासारख्या लिनक्सच्या प्रकारांमध्ये, सिस्टिमडी (सगळ्या सेवा सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) आहे आणि तिची रोजनिशी 'जर्नलसीटीएल' या कमांडने उघडते. नुसती चालवली तर लाखभर ओळी अंगावर येतात, म्हणून ती गाळूनच वापरायची. '-बी' लावलं की फक्त या बूटपासूनचं दिसतं. '-बी -१' म्हणजे याच्या आधीचं बूट. मशीन हँग होऊन बटण दाबून बंद करावं लागलं असेल तर पुरावा तिथेच असतो. '-पी ३' लावलं की ० ते ७ या पायऱ्यांपैकी ० ते ३ एवढ्याच गंभीर ओळी उरतात. '-ई' थेट शेवटी नेऊन सोडतं. तेव्हा काल रात्री हँग झालेल्या मशीनवर आज सकाळी पहिली कमांड: 'जर्नलसीटीएल -बी -१ -पी ३ -ई'.

दुसरी 'सिस्टिमसीटीएल --फेल्ड'. कुठली सेवा उठताना पडली तिची यादी ती देते. शून्य असेल तर छान. एखादं नाव दिसलं तर 'सिस्टिमसीटीएल स्टेटस' आणि पुढे ते नाव.

तिसरी माझी आवडती, 'जर्नलसीटीएल -एफ'. ही चालू ठेवायची आणि मग दुखणं मुद्दाम घडवायचं. पेन ड्राइव्ह लावला की गडबड होते? टर्मिनल उघडं ठेवा आणि लावा. त्या क्षणी ज्या चार ओळी उमटतील त्या तुमच्या.

इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात. लाल ओळ दिसली की तिच्या मागे लागतात. ठणठणीत मशीनच्या लॉगमध्येही लाल ओळी असतात, विशेषतः बूटच्या सुरुवातीला 'एसीपीआय बायोस एरर' म्हणून कुरकुरणाऱ्या. त्या मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या हलगर्जीपणाच्या असतात आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतात. खरी कुठली हे ओळखायला सगळं सुरळीत होतं तेव्हाचं एक बूट उघडा, '-बी -५' किंवा तसं काही. तिथेही असलेली ओळ बहुतेक वेळा निर्दोष. शिवाय घड्याळ बघा. एका सेकंदात वीस एरर आल्या असतील तर पहिली वाचा, उरलेल्या एकोणीस बहुधा तिचंच रडगाणं असतात.

'जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स' ने एकच बूट दाखवलं तर तुमचा लॉग फक्त मेमरीत राहतोय आणि बंद करताच पुसला जातोय. '/व्हार/लॉग'मध्ये 'जर्नल' नावाचं फोल्डर बनवून रीस्टार्ट करा, पुढचा लॉग जपला जाईल. दुखणं यायच्या आधी हे करून ठेवलेलं बरं.

मशीन चालूच होत नाही

"चालू होत नाही" म्हणजे नक्की कुठे थांबतं? आधी मदरबोर्डचं फर्मवेअर, मग ग्रब, मग कर्नल आणि त्याच्यासोबतचं छोटं इनिट्रॅमएफएस (मुख्य डिस्क उघडेपर्यंतची तात्पुरती सिस्टिम), मग सिस्टिमडी, मग लॉगिन स्क्रीन, शेवटी डेस्कटॉप. गाडी कुठल्या स्टेशनवर अडली ते कळलं की अर्धं निदान झालं. कंपनीचा लोगो आड येत असेल तर ग्रबच्या मेन्यूत ओळीवर 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीतून 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द काढा आणि एफ१० दाबा. बदल तेवढ्या बूटपुरताच राहतो. मेन्यू दिसतच नसेल तर चालू करताना जुन्या बायोसवर शिफ्ट धरून ठेवा, यूईएफआय (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) असेल तर एस्केप टिचकीसारखा दाबा.

ग्रब येतच नाही आणि थेट विंडोज उघडतं, असं असेल तर आधी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये बूटचा क्रम बघा. दुसऱ्या सिस्टिमच्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम बदललेला असू शकतो, आणि लिनक्सचं नाव वर सरकवलं की काम होतं. तिथे नावच नसेल तर मात्र ग्रब पुन्हा बसवावा लागतो. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करा, तोही यूईएफआय पद्धतीनेच. 'एलएसबीएलके -एफ' ने आपलं मुख्य पार्टिशन आणि छोटं फॅट३२ वालं ईएफआय पार्टिशन ओळखा. मुख्य पार्टिशन '/एमएनटी'वर माउंट करा, म्हणजे त्या फोल्डराला जोडा, ईएफआय वालं त्याच्या आतल्या '/बूट/ईएफआय'वर. '/डेव्ह', '/प्रॉक' आणि '/सिस' ही तीन फोल्डरं '--आरबाइंड' लावून आत जोडा. मग 'सीएचरूट /एमएनटी' (याने लाइव्ह सिस्टिममधूनच आपल्या डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत जाता येतं), आणि आत गेल्यावर 'ग्रब-इन्स्टॉल' आणि 'अपडेट-ग्रब'. ही कृती डेबियन-उबंटू घराण्याची आहे. फेडोरावर यूईएफआय असेल तर 'ग्रब२-इन्स्टॉल' चालवू नका, तिथे ग्रबची पॅकेजंच पुन्हा बसवायची असतात.

मेन्यू येतो, पुढे काळोख. बहुतेक वेळा ग्राफिक्सचा प्रश्न. आधी जुना कर्नल. तोही नाही चालला तर वरच्यासारखंच 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा. स्क्रीन ओबडधोबड दिसेल, पण दिसेल. तेवढ्यात ड्रायव्हरचं काम उरका.

'इमर्जन्सी मोड' असं लिहून रूटचा पासवर्ड मागितला तर घाबरू नका. हे दिसायला भयंकर आणि दुरुस्तीला सोपं आहे. नव्वद टक्के, हा आकडा माझ्या अनुभवातला, '/ईटीसी/एफएसटॅब' या फाइलीत (बूट होताना कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी) आता अस्तित्वात नसलेल्या पार्टिशनचं नाव असतं. जुनी डिस्क काढली, पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलं, त्याची यूयूआयडी, म्हणजे पार्टिशनची ओळखखूण, बदलली, पण फाइलीत जुनीच राहिली. सिस्टिमडी त्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघते आणि मग हात टेकते. स्क्रीनवर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' म्हणत घड्याळ चालताना दिसलं असेल तर तेच हे. करायचं असं: 'माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /' ने डिस्क लिहिण्याजोगी करा, 'बीएलकेआयडी' ने खऱ्या यूयूआयडी बघा, नॅनो या एडिटरमध्ये एफएसटॅब उघडून चुकीच्या ओळीपुढे # लावा, रीस्टार्ट. जादाच्या डिस्कसाठी त्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय लिहून ठेवला तर डिस्क नसतानाही बूट अडत नाही. आणि एफएसटॅब बदलल्यावर रीस्टार्टआधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवायची सवय लावून घ्या, चूक तिथेच दिसते.

'इनिट्रॅमएफएस' असं लिहून नुसता प्रॉम्प्ट आला तर बहुधा फाइलसिस्टिम (डिस्कवरची फाइलींची मांडणी) दुखावलेली आहे. बहुधा वरच पार्टिशनचं नाव लिहिलेलं असतं. फाइलसिस्टिम तपासणारी कमांड चार अक्षरांची आहे, एफ-एस-सी-के. ती आणि पुढे ते नाव द्या. माउंट असलेल्या पार्टिशनवर ही कधीही चालवायची नाही. इथे ते माउंट झालेलं नसतं म्हणून चालतं.

लॉगिनचं चक्र मी सुरुवातीलाच सांगितलं. डिस्क भरलेली नसेल तर दुसरा संशयित होम फोल्डरातली '.एक्सऑथॉरिटी' ही फाइल, एक्स मोठा. एखादा ग्राफिकल प्रोग्रॅम सुडो लावून चालवला की तिची मालकी रूटकडे जाऊ शकते आणि मग तुमच्याच घरात तुम्हाला शिरता येत नाही. 'एलएस -एलए' मध्ये तिच्यापुढे रूट दिसला तर ती सरळ उडवा, पुढच्या लॉगिनला नवी बनते.

डिस्क कशाने भरली

'डीएफ -एच' किती भरलं ते सांगतं, कशाने ते नाही. त्यासाठी 'एनसीडीयू -एक्स /' चालवा. ते बसवलेलं नसतं, बसवून घ्या. मोठ्यात मोठं फोल्डर वर दिसतं, एंटर मारत आत आत जायचं. '-एक्स' विसरू नका, नाहीतर दुसऱ्या डिस्काही मोजत बसेल.

नेहमीचे भक्षक ठरलेले. जर्नल: 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' म्हटलं की २०० एमबीच्या वरचं जुनं जातं, एम मोठा. पॅकेजच्या उतरवलेल्या फाइली: 'एपीटी क्लीन' (एपीटी म्हणजे उबंटू-डेबियनवर पॅकेज सांभाळणारा प्रोग्रॅम). फ्लॅटपॅकचे (डिस्ट्रोबाहेरून ॲप टाकायची सोय) कोणी वापरत नसलेले रनटाइम: 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड'. होममधलं '.कॅश'. टाइमशिफ्ट या बॅकअपच्या प्रोग्रॅमचे विसरलेले स्नॅपशॉट. आणि कचरापेटी, जी भरून वाहत असते पण तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

वेगळं '/बूट' पार्टिशन भरलं तर अपडेट अर्ध्यात अडकतं. जुने कर्नल तिथून हाताने उडवू नका, 'एपीटी ऑटोरिमूव्ह' वापरा. तो चालू कर्नल राखून ठेवतो. तुम्ही राखालच असं नाही.

आता दोन चक्रावणाऱ्या गोष्टी. मोठी फाइल उडवली तरी जागा परत येत नाही, असं होतं. कुठल्यातरी प्रोग्रॅमने ती उघडी धरलेली असते. नाव गेलं पण मजकूर डिस्कवर तसाच असतो. 'एलएसओएफ +एल१' अशा फाइली दाखवतं, इथला एल मोठा. तो प्रोग्रॅम रीस्टार्ट केला की जागा मोकळी होते. म्हणूनच चालू लॉग फाइल उडवण्यापेक्षा 'ट्रंकेट -एस ०' ने रिकामी करणं बरं. दुसरी गोष्ट: जागा शिल्लक दिसते तरी 'नो स्पेस लेफ्ट' येतं. 'डीएफ -आय' बघा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिममध्ये किती फाइली मावतील याचा आकडा फॉरमॅट करतानाच ठरतो, आणि लाखो चिमुकल्या फाइलींनी तो संपू शकतो. शिवाय ईएक्सटी४ ठरावीकपणे ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. त्यामुळे तुमच्यासाठी डिस्क भरते त्याच्या थोडं नंतर ती रूटसाठी भरते. काळ्या स्क्रीनवर शिरून साफसफाई करता येते ती त्या राखीव जागेच्या कृपेने.

हँग झालं

पॉवरचं बटण शेवटी. माउस हलत नसला तरी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ चालतं का बघा. चाललं तर 'टॉप' लावा. मोठा एम दाबला की मेमरी खाणारे वर येतात, मोठा पी दाबला की प्रोसेसर खाणारे. वरच्या ओळीत 'डब्ल्यूए'पुढचा आकडा बघा. तो मोठा असेल तर प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघतोय.

प्रोग्रॅम मारताना आधी साधा 'किल' आणि त्याचा क्रमांक. त्याने १५ नंबरचा सिग्नल जातो आणि प्रोग्रॅमला आवराआवर करायला वेळ मिळतो. ऐकला नाही तर 'किल -९'. त्यालाही दाद देत नसेल आणि टॉपच्या स्टेटच्या रकान्यात मोठा डी असेल, तर तो डिस्क किंवा नेटवर्कच्या उत्तरासाठी कर्नलच्या आत अडकला आहे. त्याला मारत बसू नका, डिस्क तपासायला घ्या.

ब्राउझर काही न सांगता आपोआप बंद झाला? 'जर्नलसीटीएल -के' मध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा. मेमरी संपली की कर्नल एकाचा बळी देतो, आणि बहुधा सर्वांत खादाड असलेल्याचा. फेडोरा आणि उबंटूवर हे काम त्याआधीच सिस्टिमडीचा 'ओओएमडी' करू शकतो, तेव्हा ते नावही शोधा.

काहीच चालेना तर ऑल्ट आणि प्रिंट-स्क्रीन धरून एकेक करत आर, ई, आय, एस, यू, बी. शेवटची तीन महत्त्वाची: डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिही, फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती कर, रीस्टार्ट हो. उबंटूवर मुळात ही तीनच चालू असतात. बटण दाबून मारण्यापेक्षा हे पुष्कळ सभ्य.

इंटरनेट नाही

इथे पायऱ्या गाळू नका. एकेक करत खाली उतरा आणि जिथे उत्तर येणं थांबेल तिथे उभे राहा.

१. 'आयपी ए'. आपल्या कार्डाला पत्ता मिळालाय का? कार्डच दिसत नसेल तर 'आरएफकिल लिस्ट' ने ते बटणाने किंवा सॉफ्टवेअरने बंद तर केलेलं नाही ना ते बघा. मग 'एलएसपीसीआय -के' मध्ये त्या कार्डाखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आहे का ते बघा. यूएसबीचं असेल तर 'एलएसयूएसबी'. ड्रायव्हर आहे पण कर्नलच्या लॉगमध्ये फर्मवेअर सापडलं नाही असं असेल तर ते पॅकेज टाकावं लागतं. डेबियनवर हा छळ फार होता. २०२३ मध्ये आलेल्या आवृत्ती १२ पासून इन्स्टॉलरमध्येच ही फर्मवेअर येतात.

२. पत्ता १६९.२५४ ने सुरू होतो? म्हणजे राउटरने पत्ता दिलाच नाही, मशीनने स्वतःच एक धरला. राउटर किंवा केबल.

३. 'आयपी आर' मध्ये 'डिफॉल्ट व्हाया'पुढे राउटरचा पत्ता असतो. त्याला पिंग करा, म्हणजे 'पिंग' आणि पुढे तो पत्ता. उत्तर येतं का ते कळतं.

४. 'पिंग १.१.१.१'. इथवर ठीक असेल तर बाहेरचा रस्ता मोकळा आहे.

५. आता एखाद्या साइटच्या नावाला पिंग. आकड्याला उत्तर येतं, नावाला नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' कुठला सर्व्हर वापरला जातोय ते सांगतं. नीट बंद न झालेल्या व्हीपीएनने मागे ठेवलेला सर्व्हर इथे सापडतो.

पाचही ठीक, तरी एकही साइट उघडत नाही? माझे यात एकदा दोन तास गेले. पिंग व्यवस्थित, डीएनएस व्यवस्थित, ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतोय. राउटर दोनदा रीसेट केला. शेवटी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं: काही वर्षांपूर्वीची. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी मेली होती, आणि घड्याळ आपोआप जुळवण्याची सोय मीच कधीतरी बंद केली होती. मशीनच्या लेखी सगळ्या साइटची प्रमाणपत्रं भविष्यातली होती. 'टाइमडेटसीटीएल' एका नजरेत हे सांगतं. विंडोजसोबत लिनक्स असेल आणि घड्याळ काही तासांनी पुढे-मागे होत असेल तर कारण वेगळं. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज स्थानिक वेळ. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' ने लिनक्स विंडोजचं ऐकतं.

आवाज

यात फार खोल जायची गरज सहसा पडत नाही. 'पाव्हूकंट्रोल' बसवा, त्यातल्या 'आउटपुट डिव्हायसेस'मध्ये बघा. बहुधा आवाज एचडीएमआयने मॉनिटरकडे जात असतो, ज्याला स्पीकरच नाही. तसं नसेल तर 'अल्सामिक्सर' उघडा, एफ६ ने खरं साउंड कार्ड निवडा आणि पट्ट्यांखाली दोन एम दिसतात का बघा. एम दाबलं की म्यूट निघतं. एवढ्याने नाही झालं तर 'सिस्टिमसीटीएल --यूजर रीस्टार्ट' आणि पुढे पाइपवायर, पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर. इथे सुडो लावायचं नाही, आवाजाच्या सेवा तुमच्या यूजरच्या नावाने चालतात.

कर्नल अपडेट झाला आणि एनव्हिडिया गेला

एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा कंपनीचा ड्रायव्हर कर्नलबाहेरचा असतो, प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्याने जुळवावा लागतो. 'डीकेएमएस' (ही जुळवणी आपोआप करणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्या डिस्ट्रोवर 'डीकेएमएस स्टेटस' मध्ये नव्या कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर बहुधा त्या कर्नलची हेडर्स पॅकेजं (जुळवणीला लागणाऱ्या फाइली) नाहीत. ती टाकली की जुळवणी होते.

ड्रायव्हर बसलेला दिसतो पण लोड होत नाही, तर 'मोकयूटिल --एसबी-स्टेट'. सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेत नाही. इथे गंमत अशी, की ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन काही सेकंदच येते. तिथे 'एनरोल मॉक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक घाईत 'कंटिन्यू बूट' दाबतात किंवा चहा आणायला उठतात, आणि मग आठवडाभर ड्रायव्हरला शिव्या घालतात. ती स्क्रीन हुकली असेल तर ड्रायव्हर पुन्हा बसवून पुन्हा या.

पॅकेजचे घोळ

'कुड नॉट गेट लॉक' आलं की ती लॉक फाइल उडवा असा सल्ला जागोजागी मिळतो. उडवू नका. दुसरं कोणीतरी, बहुधा मागे चालणारा आपोआपचा अपडेट, पॅकेजच्या नोंदवहीत लिहितंय. दहा मिनिटं थांबा. ते अर्ध्यात मेलं असेल तर 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि मग 'एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल', याच क्रमाने.

आणि होय म्हणण्याआधी एपीटी काय काढणार आहे ती यादी वाचा. २०२१ मध्ये एका प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप-ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे गेमचं ॲप टाकायला घेतलं. एपीटीने बजावलं की यात डेस्कटॉपसकट गरजेची पॅकेजं जातील, आणि खात्री असेल तर 'यस, डू ॲज आय से!' असं पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं. त्याने ते केलं. स्टीम राहिलं बाजूला, डेस्कटॉपच गेला. पॅकेजमधली चूक त्याची नव्हती. पण ज्या कमांडसाठी अख्खं वाक्य लिहावं लागतं, तिथे एन दाबून मागे फिरणं शहाणपणाचं.

हार्डवेअरवर संशय

चालू मशीनवर अचानक "रीड-ओन्ली फाइलसिस्टिम" असं येऊ लागलं, तर कर्नलने डिस्कवर चूक बघून स्वतःच लिहिणं थांबवलं आहे. अशा वेळी दुरुस्तीआधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे घ्या, मग 'स्मार्टसीटीएल -ए' चालवा. सॅटा डिस्कवर तीन ओळी बघतो: ५ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे, आणि १९९ म्हणजे केबलवरून येताना बिघडलेला डेटा. पहिले दोन वाढत असतील तर डिस्कचे दिवस भरले. त्यातून डेटा काढायला साधी कॉपी न वापरता 'डीडीरेस्क्यू' वापरा. तो आधी चांगला भाग उचलतो आणि खराब भागाशी नंतर झुंजतो. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क टाकून देऊ नका, केबल बदला. तो आकडा परत शून्य होत नाही, पण वाढायचा थांबतो.

कधी एक प्रोग्रॅम पडतो, कधी दुसरा, कधी फाइल उघडताना खराब निघते, आणि लॉगमध्ये कशाचाच धागा लागत नाही, तर रात्रभर 'मेमटेस्ट८६+' चालू ठेवा. एक जरी चूक दाखवली तरी ती रॅमची पट्टी काढा.

फॉरमॅटची वेळ येतच नाही असं नाही. चार बाहेरच्या रेपॉझिटरी (पॅकेजांची कोठारं) मिसळल्या असतील, दोन आवृत्त्या मागे राहिल्या असाल आणि एपीटी कुठल्याच गोष्टीला तयार नसेल, तर मीही नवी सिस्टिम टाकतो. फक्त त्याआधी होम फोल्डर आणि '/ईटीसी' बाहेरच्या डिस्कवर उतरवतो, आणि 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' ने स्वतः टाकलेल्या पॅकेजांची यादी एका फाइलीत घेतो. ती जुनी '/ईटीसी' दोनेक महिने तरी ठेवा. प्रिंटरसाठी तीन वर्षांपूर्वी कुठलीशी एक ओळ लिहिली होती ना, ती त्यातच सापडते.